स्टेडियम दाखवताना माळ्यांचे कामही दाखवा

संपादक महोदय,

वानखेडे स्टेडियमला जानेवारी २०२५ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने खेळाडूंच्या आठवणींना उजाळा देणारे पुष्कळ लेखन प्रसिद्ध झाले, आणि आता तर स्टेडियमच्या आवारातच क्रिकेटचे संग्रहालय उभे राहिले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र स्टेडियम आतून पाहायला येणाऱ्यांना तिथली खेळपट्टी व मैदान राखणाऱ्या माळ्यांचे कामही आवर्जून दाखवले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

क्रीडाशिक्षक म्हणून नोकरीत असताना, सामना नसलेल्या दिवशी, शाळेतील मुलांना घेऊन मी वानखेडेच्या आत गेलो होतो. मुलांचे सारे लक्ष ड्रेसिंग रूमकडे होते आणि ते स्वाभाविकही होते. परंतु परतताना सीमारेषेजवळ भेटलेल्या एका माळीकाकांनी जे सांगितले, ते ऐकताना मुले खुर्च्या, दालने सगळे विसरली. खेळपट्टीत ओल जास्त असताना जड रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटून वर येते आणि ओल उडून गेल्यावर फिरवला तर माती दबतच नाही. ती नेमकी वेळ अंगठ्याने माती दाबून ओळखावी लागते, असे ते म्हणाले. वानखेडेची लाल माती चेंडूला उसळी का देते, काळ्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू खाली का राहतो, मैदानाच्या मध्यभागी एकाच वेळी अनेक खेळपट्ट्या शेजारी-शेजारी का राखाव्या लागतात आणि वापरलेल्या खेळपट्टीला पाणी, माती व विश्रांती देऊन पुन्हा उभी कशी करतात, हे त्यांनी शेतकरी आपल्या वाफ्याविषयी सांगतो तशा आपुलकीने समजावले. विज्ञानाचा इतका चांगला तास मला वर्गात कधी घेता आला नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये याच मैदानावर न्यूझीलंडच्या आणि जन्माने मुंबईकर असलेल्या एजाज पटेलने एकाच डावात भारताचे दहाही गडी ११९ धावा देऊन बाद केले. हा विक्रम सर्वांना ठाऊक आहे. पण अवकाळी पावसाने भिजलेल्या मैदानामुळे त्या कसोटीचा पहिला दिवस उशिरा सुरू झाला होता आणि ते मैदान खेळण्याजोगे करण्यासाठी माणसे राबली होती, याची आठवण किती जणांना असेल? समुद्र जवळ असल्याने वानखेडेवर संध्याकाळी दव पडते. ते झाडण्यासाठी दोर ओढत मैदानभर फिरणारी माणसे दूरदर्शन संचावर क्षणभर दिसतात आणि लगेच जाहिरात सुरू होते.

या श्रमांची दखल कोणीच घेत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सप्टेंबर २०२३ मध्ये कोलंबोत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यानंतर मोहम्मद सिराजने सामनावीराच्या पुरस्काराची रक्कम तिथल्या मैदान कर्मचाऱ्यांना दिली, आणि २०२४ च्या आयपीएलनंतर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दहा नियमित मैदानांवरील माळी व क्युरेटर (खेळपट्टी तयार करून घेणारे तज्ज्ञ) यांना प्रत्येक मैदानामागे २५ लाख रुपये जाहीर केले. ही बक्षिसे योग्यच होती. तरीही बक्षीस एकदा मिळते. कामाची ओळख मात्र दाखवल्याखेरीज होत नाही, आणि ओळख नसेल तर खेळपट्टी राखणे हे शिकण्यासारखे, सन्मानाने करण्यासारखे काम आहे हे मुलांना कळणार तरी कसे?

म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनला माझी विनंती आहे की, शाळांच्या सहलींसाठी सामने नसलेल्या काळात महिन्यातून निदान एक सकाळ राखून ठेवावी. त्या दिवशी मुलांना सीमारेषेपर्यंत नेऊन रोलर, मातीचे ढीग, आच्छादने आणि दव झाडण्याचा दोर दाखवावा, लाल व काळी माती हातात घेऊ द्यावी, आणि ही माहिती सांगण्याचे काम अनुभवी माळ्यांकडेच सोपवून त्याचे वेगळे मानधन त्यांना द्यावे. पुण्याजवळील गहुंजे आणि नागपूरजवळील जामठा येथील मैदानांनीही असा उपक्रम हाती घेतला, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलांना त्यासाठी मुंबईपर्यंत यावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कल्याण