माघारीची वाट कुणी ठेवायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परराष्ट्र धोरणात भावनेला थारा नसावा, असे मत वाचकांच्या पत्रांतून वरचेवर मांडले जाते. मला ते घातक वाटते. समोरच्याला भीती कशाची आहे आणि अपमान कुठे झोंबतो, हे ओळखणे मुत्सद्देगिरीचेच काम आहे. सोव्हिएत संघाने अमेरिकेशेजारच्या क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणून ठेवल्याने ऑक्टोबर १९६२ मध्ये पेच उभा राहिला, त्यात जग वाचले ते यामुळेच.

२६ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना लांबलचक पत्र आले. युद्धाची गाठ मारलेल्या दोराची टोके दोघांनी ओढू नयेत, ओढू तितकी ती घट्ट बसेल, अशी त्यात कळकळ होती. माघारीच्या बदल्यात त्यांना क्यूबावर हल्ला न करण्याचे वचन हवे होते. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवर सूर पालटला: तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रेही काढा. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले गेले, वैमानिक मेजर अँडरसन ठार झाला. अमेरिकी सेनाप्रमुख हवाई हल्ल्यासाठी अडून बसले होते.

या तापल्या वातावरणात मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत राहिलेले थॉम्पसन यांनी केनेडींना सांगितले, की ‘क्यूबा मी वाचवला’ एवढे ख्रुश्चेव्हना म्हणता आले पाहिजे. माणूस ओळखीचा असल्यानेच हे सुचले. उत्तर पहिल्या पत्राला धरून गेले. हल्ला न करण्याचे वचन जाहीर. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काढण्याची तडजोड मात्र अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या कानावर गुप्तपणे घातली. २८ तारखेला सोव्हिएत माघार जाहीर झाली, तेव्हा विजयाच्या बढाया मारू नका, अशी केनेडींची सहकाऱ्यांना ताकीद होती.

चूक झाली ती क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाबतीत. त्यांना कुणी विचारलेच नाही, निर्णय बातम्यांतून कळला. दुखावलेल्या कॅस्ट्रोंनी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना देशात पाऊल ठेवू दिले नाही. शेवटी भर समुद्रात सोव्हिएत खलाशांनी जहाजाच्या डेकवरच्या क्षेपणास्त्रांवरची ताडपत्री काढायची आणि अमेरिकनांनी ती मोजायची, अशी पाळी आली.

पुढे ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची हॉटलाइन सुरू झाली. तिच्यावर टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवणारी यंत्रे होती. मजकूर ज्याने त्याने आपल्याच भाषेत पाठवायचा. आवाजातला चढउतार आणि घाईचा अनुवाद यांतून गैरसमज होऊ नये, वाचून विचार करायला उसंत मिळावी, म्हणून ही योजना. सीमेवर काही घडले की तासाभरात ‘धडा शिकवा’ म्हणणाऱ्या आपल्या वाहिन्यांनी आणि नेत्यांनी ती जरूर अभ्यासावी.

आपला,
एक वाचक