गहू-दुधाविना प्रथिनं: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गव्हातलं ग्लुटेन (चिकट प्रथिन) आणि दुधातली प्रथिनं तुम्हाला चालत नाहीत, म्हणून गहू आणि दूध बंद झालं, तर ताटातून नेमकं काय गेलं याचा हिशोब आधी करूया. 60 ग्रॅम कणकेत साधारण 7 ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर दुधात 8 आणि 50 ग्रॅम पनीरमध्ये 9. म्हणजे रोजची 24 ग्रॅम गेली. त्यांच्या जागी भात, बटाटा आणि बदामाचं दूध आलं, तर त्यातली जेमतेम पाच-सहा परत मिळतात. पोट भरतं, म्हणून काही कमी पडतंय हे कळतच नाही. मला काळजी आहे ती याचीच.

साठीनंतर दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. तुमची वजनं साठच्या आसपास आहेत, तेव्हा प्रत्येकी 60 ते 72 ग्रॅम. बाबा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा चालत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडून तुमचा आकडा नक्की करून घ्या.

ही सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात ढकलू नका. वय वाढलं की थोड्याशा प्रथिनांना स्नायू दाद देत नाहीत. एका वेळी 25 ग्रॅमच्या आसपास मिळाली तरच ते नीट कामाला लागतात. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे नाश्ता, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आई, हे करून बघ. दोघांसाठी 120 ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि 100 ग्रॅम घट्ट टोफू (सोयाचं पनीर) घे. टोफू फडक्यात गुंडाळून वर जड भांडं ठेव आणि 15-20 मिनिटं पाणी निथळू दे. ते राहिलं तर पीठ सैल होऊन धिरडं तुटतं. मग टोफू कुस्करून पिठात घाल. मीठ, हळद, चिरलेला कांदा घालून थोडं थोडं पाणी घालत सरबरीत कर आणि अर्धा तास झाकून ठेव. यात ग्लुटेनचा चिकटपणा नाही, त्यामुळे पीठ नीट भिजलं तरच धिरडं एकसंध राहतं. तवा चांगला तापव, पीठ पसरलं की आच मध्यम कर आणि झाकण ठेव. कडा आपोआप सुटेपर्यंत उलटायला जाऊ नकोस. आच मोठी राहिली तर वरून रंग येतो आणि आत पिठाचा कच्चा वास राहतो. प्रत्येकाच्या वाट्याला यातून 19-20 ग्रॅम प्रथिनं येतात. सोबत पेलाभर सोया दूध घेतलं की 26-27 झाली.

दूध मात्र सोयाचंच घ्या. पेलाभर सोया दुधात 7-8 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामाच्या दुधात एखादाच, तांदळाच्या किंवा नारळाच्या पेयांत त्याहूनही कमी. पाकिटावर कॅल्शियम घातल्याचं लिहिलेलं बघा आणि ओतण्याआधी पाकीट जोरात हलवा, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. उकळत्या कॉफीत एकदम ओतलं तर ते फाटतं. आधी दूध कोमट करा आणि कॉफी त्यात हळूहळू ओता. बाबा, थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोया यांत पुरेसं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. किती ते डॉक्टर सांगतील.

डाळी-कडधान्यांच्या मोजमापात बहुतेकांची चूक होते. 100 ग्रॅम कोरड्या मसुरात 24 ग्रॅम प्रथिनं, पण शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये 9च, कारण बाकी पाणी. म्हणून वजन शिजवण्यापूर्वी करायचं. माणशी 60 ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे 14 ग्रॅम, पण ती घट्ट हवी. पातळ पाणी वाढलं तर हे गणित बसत नाही. सोया चंक्सचंही तसंच. 30 ग्रॅम कोरड्यांत 15 ग्रॅम प्रथिनं. गरम पाण्यात 15 मिनिटं भिजवून दोनदा पिळा; चावायला जड वाटले तर बारीक करून घ्या. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात खळखळून उकळा. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा उलट्या-जुलाब घडवतो. गॅस होत असेल तर कडधान्यं बंद करू नका, अर्ध्या वाटीपासून हळूहळू वाढवा.

अंडी-मासे खात असाल तर सगळं सोपं होतं: एका अंड्यात 6 ग्रॅम, शिजवलेल्या 100 ग्रॅम माशात 22 च्या पुढे. नुसतं शाकाहारी खायचं तर दिवसभरात डाळ आणि धान्य दोन्ही हवं; तांदळात लायसीन (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, ते डाळीतून भरून निघतं. दोन्ही एकाच घासात खाल्ली पाहिजेत असं नाही. दूध-अंडी दोन्ही नसतील तर बी-12 जीवनसत्त्व वेगळं, गोळीने घ्यावं लागेल. संध्याकाळी मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाणे: 7-8 ग्रॅम. भोपळ्याच्या बिया त्याहून सरस.

बाजारातल्या पाकिटांवर फार विसंबू नका. ‘लॅक्टोज-फ्री’ म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, फोडलेली किंवा काढलेली. प्रथिनं दुधाचीच असतात, त्यामुळे ते तुम्हाला चालणार नाही. प्रोटीन पावडर लागलीच तर वाटाण्याची किंवा सोयाची घ्या. ‘व्हे’ आणि ‘केसीन’ म्हणजे दूधच. ‘माल्ट’ बहुधा जवाचा असतो, म्हणजे त्यात ग्लुटेन आलं. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. काही सोया चंक्समध्येही गव्हाचं पीठ मिसळतात. ‘सेतान’ नावाचं जे शाकाहारी मांस मिळतं ते तर निव्वळ ग्लुटेन. ओट्स ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच घ्या, आणि डाळीचं पीठ गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळून आणू नका. घरी मिक्सरवर काढलेलं बरं.

दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी, नाश्त्याआधी वजन करून मला कळवा. प्रयत्न न करता ते उतरत राहिलं किंवा खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागायला लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. आणि कुठल्या पाकिटाबद्दल शंका आली तर मागच्या बाजूचा फोटो पाठवा, मी वाचून सांगते.

तुमची,
ताई