मा. कृषिमंत्र्यांना खुलं पत्र: बियाणं मिळालं, आता मानशीचं बघा

मा. कृषिमंत्री, गोवा सरकार यांस,

साहेब, नमस्कार. खारं पाणी सोसणारं बियाणं देताय, चांगलंच आहे. जुन्या गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन केंद्राची गोवा धान वाणं आहेत, आमचा कोरगूट हा गावठी भात तर वाडवडिलांपासून खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांधाआडच्या खारवट शेतात, उभा आहे. पण सोसणार म्हणजे किती? जमिनीची क्षारता, म्हणजे तिच्यातलं मीठ, ३ डेसिसायमन प्रति मीटर या मापाच्या वर गेली की साध्या भाताचं पीक पुढच्या प्रत्येक डेसिसायमनमागे साधारण १२ टक्के उतरतं. खारवट वाण त्याहून जास्त सोसतं, पण बांध फुटून नदीच आत आली तर कोरगूटसुद्धा काय करणार.

खाजनाचं सगळं गणित मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर. ओहोटीला नदी खाली गेली की दारं आपोआप उघडतात, शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला नदीच्याच दाबाने बंद होतात. जूनचा पाऊस जमिनीतलं मीठ धुतो आणि ते मीठ याच दारातून बाहेर जातं, मग पेरणी. आता केंद्र सरकारच्याच २०२० च्या हवामान अहवालात आहे की उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ मध्ये वर्षाला ३.३ मिलिमीटरने वाढली, म्हणजे तेवढ्या वर्षांत साधारण चार बोटं. ऐकायला काहीच नाही, पण नदी ओहोटीलाही तेवढी वरच राहिली तर दारं कमी वेळ उघडी राहणार, पाणी नीट निचरणार नाही, आणि उधाणाला तीच चार बोटं जुन्या बांधाच्या माथ्यावर. त्यात पाऊस उशिरा आला किंवा मध्येच पंधरा दिवस दडी मारून बसला की खालचं मीठ परत वर येतं आणि कोवळी रोपं पिवळी पडतात. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं, तशी वादळं आता अरबी समुद्राला नवीन नाहीत.

हे झालं समुद्राचं, त्याला तुम्ही काय करणार. पण माणसांचं काय? मानशीचा मासळीसाठी लिलाव होतो आणि घेणारा भरतीला दारं उघडी ठेवतो, कारण मासळी खाऱ्या पाण्याबरोबरच आत येते ना! आमच्याकडे हे उघड चालतं, बोललं तर भांडण. बांध फुटला की दुरुस्तीची फाईल फिरत राहते, तोवर शेतात खारफुटी उगवते, मग ती कायद्याने तोडता येत नाही आणि शेत गेलं ते गेलंच.

म्हणून मागणं एवढंच. पेरणीपासून कापणीपर्यंत मानशीची चावी कुळांकडे द्या, लिलावाच्या करारातच तसं लिहा. बांधाची उंची आजच्या उधाणाप्रमाणे ठरवा आणि कामं मे च्या आधी संपवा, फुटल्यावर नुकसानभरपाई देऊन शेत परत मिळत नाही. आणि २०११ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचे नकाशे आणि व्यवस्थापन आराखडा करायचा असं लिहिलंय, तो आमच्या गावापुरता तरी पंचायतीत लावा, आम्ही वाचू.

पाहणीला यायचं असेल तर अवसेच्या भरतीला या, ओहोटीला सगळं छानच दिसतं.

आपला,
तिसवाडीतला एक कूळ