सत्तावीस सांगितलं, बहात्तर लिहिलं

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सेवापूर्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ आणि फोटोंच्या गर्दीत बोलायचं राहूनच गेलं. भाषणांत ‘डाएट’मधल्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या, तुमच्या प्रशिक्षणांची मोजदाद झाली, वहीचा विषय मात्र कुणी काढला नाही. म्हणून हे उघड पत्र.

जून २०१९. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं आणि व्हॉट्सअ‍ॅपपासून विधानसभेपर्यंत विनोदांना ऊत आला. संख्यानामांतली जोडाक्षरं आणि अंकांचा उलटा क्रम मुलांना अडवतो, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतो, हे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. खरं सांगते, हसणाऱ्यांत मीही होते. मंडईतल्या मावशी ‘वीस सात रुपये’ म्हणणार आहेत का, असं मी शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, मोठ्यानं विचारलं होतं.

तुम्ही वाद घातला नाहीत. “उद्या वर्गावर येते,” एवढंच म्हणालात. आलात, आणि खुर्ची सोडून मुलांत सतरंजीवर बसलात. सोबत एम.एड. करणारी एक मुलगी, वही-पेन घेऊन. मी संख्या सांगायची, मुलांनी पाटीवर लिहायची. सत्तावीस म्हटलं, तर नऊ पाट्यांवर ७२. एकोणतीस म्हटलं, तर ३९, कारण कानावर ‘तीस’ पडलेलं. चौदा वर्षं हेच मी ‘लक्ष नाही’ म्हणून लाल पेनानं खोडत आले होते. आणि बांधकामावरच्या कुटुंबातला तो यादगीरकडचा पोरगा? ओठांतल्या ओठांत ‘इप्पत्तेळु’ पुटपुटला नि २७ लिहून मोकळा झाला. कानडीत वीस आधी, सात नंतर. तेव्हा कुठे नारळीकरबाईंचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलं.

चुकांची वही त्या दिवसापासूनची. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, तीन शाळा, मूल जे लिहील तेच उतरवायचं. टक्के नाहीत, श्रेणी नाही. तीन वर्गांवरून राज्याचं अनुमान काढायचं नाही, हे त्या मुलीला तुम्ही आमच्यासमोरच बजावलंत.

पण आभार मानायचेत ते पुढच्यासाठी. आमच्याकडून माहिती वर जाते ती जातेच. लिंक भरा, आजच्या आज भरा. पुढे तिचं काय होतं, देव जाणे. एका प्रकल्पानं आमच्या मुलांच्या चाचण्या नेल्या होत्या; अहवाल इंग्रजीत निघाला म्हणे, शाळेला प्रतसुद्धा नाही. तुम्ही दिवाळीनंतर परत आलात, दोन पानांचं मराठी टिपण घेऊन. त्यात माझा मंडईचा आक्षेप जसाच्या तसा होता, आणि वरच्या बैठकीत तो वाचून दाखवल्याचंही सांगितलंत. त्यावरूनच आपलं ठरलं: काड्यांचे गठ्ठे हातात घ्यायचे आणि दोन्ही नावं एका दमात म्हणायची, ‘वीस सात, सत्तावीस’.

सगळं सुटलं असं नाही. एकोणसाठ-एकोणसत्तर अजून दगा देतात. एका शाळेनं वही कधीच सोडून दिली. २०२१ मध्ये निपुण भारत हे वाचन-लेखन आणि अंकज्ञानाचं सरकारी अभियान आलं, त्याचे तक्ते मी वेगळे भरते आणि वही वेगळी. आता पाचवी वही चालू आहे.

या रविवारी घरी आहात का? वही घेऊन येते. एका मुलीनं ‘वीस सात’ ऐकून २०७ लिहिलंय.

आपली,
दुसरीच्या वर्गाची बाई
जिल्हा परिषद शाळा, तालुका हवेली, पुणे