कुंडीत पुरलेला कप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे आधीच सांगते. जागा नसेल तर खुशाल कापा, पण कुंडीचा भाग तेवढा ठेवा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

झालं असं की गेल्या वर्षी नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला कुणीतरी भातुकलीचा सेट दिला. चार कप, चार बशा, एक किटली, फिकट हिरवा रंग, हाताला एकदम गुळगुळीत, आणि खोक्यावर हे एवढं मोठं पान छापलेलं, खाली लिहिलेलं वनस्पतीजन्य, बायोडिग्रेडेबल, १००% नॅचरल. किमतीचा स्टिकर खरवडायचा राहून गेला होता म्हणून कळलं, अकराशे रुपये. मी म्हटलं असू दे बाई, प्लास्टिक तरी नाही. दोन महिन्यांत एका कपाचा कान तुटला, सुनेने तो सुक्या कचऱ्यात टाकायला घेतला आणि मी म्हटलं थांब, कुजणार आहे ना हा, मग कुजू दे की. आमच्या कन्नमवार नगरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे, त्यात एका बाजूला तो कप पुरला, मधे झावळीच्या पातीचा विणलेला चेंडू (बिल्डिंगखालच्या माडाच्या झावळ्या पावसाळ्याआधी छाटल्या होत्या, त्यातल्याच) आणि तिसऱ्या कोपऱ्यात एक छोटी चिंधीची बाहुली, सुती कापड, सुती दोरा, आत सावरीचा कापूस. वर आईस्क्रीमच्या काड्या खोचल्या, नाहीतर माझीच मी विसरले असते.

गेल्या आषाढात पुरलं ते यंदा श्रावणात उकरलं, म्हणजे १३ महिने झाले. चेंडूचा पत्ताच नाही, मातीच झाली. बाहुलीचं कापड गेलेलं, सावरीचा एक काळपट लगदा तेवढा हाताला लागला, त्यात दोन गांडुळं. आणि कप? नळाखाली धरला तर जसाच्या तसा, वरचा हिरवा रंग सुद्धा झिजला नव्हता.

माझा भाचा माटुंग्याला केमिकल शिकतो, त्याला फोन लावला तर तो हसायलाच लागला. म्हणाला मावशी, खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच. चष्मा लावून वाचलं, पीएलए. मग त्याने समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. मक्याच्या स्टार्चपासून नाहीतर उसापासून साखर घ्यायची, ती जिवाणूंकडून आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचं, दह्याला आंबटपणा येतो तोच प्रकार, आणि मग त्या ॲसिडची लांबच लांब साखळी गुंफायची की झालं पीएलए. म्हणजे वनस्पतीजन्य हे खरं आहे. कुजतं हेही खरं आहे, पण कुठे, तर ५८ डिग्रीच्या आसपास तापमान, दमटपणा आणि हवा आठवडेच्या आठवडे टिकवून धरणाऱ्या कारखान्यासारख्या कंपोस्ट प्लांटमध्ये. माझ्या कुंडीतली माती ५८ डिग्री तापली तर कपाच्या आधी कढीपत्ता जाईल. आमच्या सोसायटीची खतकुंडी आहे तिथेही भाजीची देठं नि चहाचा चोथा जेमतेम कोमट होतो, तिथेही हे व्हायचं नाही. आणि समुद्रात तर नाहीच नाही. पावसाळ्यात भरतीनंतर दादर चौपाटीला जाऊन बघा, समुद्र आपलं सगळं आपल्याला परत आणून देतो, त्यात चपला असतात, बाटल्या असतात आणि हात नसलेल्या बाहुल्याही असतात.

मला म्हणायचंय ते एवढंच. झाडापासून बनलेलं, कुजणारं आणि मुलाला सेफ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार त्या तिन्ही एका हिरव्या पानात गुंडाळून विकतो. लेगोचं, म्हणजे ते एकमेकांत अडकवायचे रंगीत ठोकळे, उदाहरण घ्या, ते २०१८ पासून त्यांच्या सेटमधली छोटी झाडं, पानं, झुडपं उसापासून केलेल्या पॉलिथिनची बनवतात. ऊस ब्राझीलचा, पण वस्तू शेवटी पॉलिथिनच, खनिज तेलापासून केलेलं असतं तसंच, मातीत टाकलं तर वर्षानुवर्षं तसंच राहणार. उलटी गंमत म्हणजे सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लास्टिक, ते तर कापसा-लाकडातलं सेल्युलोज नायट्रिक ॲसिडमधून काढून त्यात कापूर घालून करायचे, एकोणिसाव्या शतकातलं, त्याच्या बाहुल्या सुद्धा व्हायच्या आणि ठिणगी पडली की भुर्रकन पेटायच्या. वनस्पतीजन्य होत्या हो, पण बाळाच्या हातात कोण देईल.

आणि लाकडी म्हणून जे पझल, जे ठोकळे मिळतात त्यातले कितीतरी एमडीएफचे असतात, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडवाला गोंद दाबून केलेली फळी. कापलेली कड बघा, लाकडाची रेष दिसते की खाकी पुठ्ठ्यासारखं दिसतं, लगेच कळतं.

आता तुम्ही म्हणाल बाई नुसत्या नावं ठेवतायत. तर तसं नाही, बिल्डिंगमधल्या आम्ही चौघीजणी गेली तीन वर्षं अशी खेळणी करतो, आणि आमच्या हातून काय काय बिघडलं तेही लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं झाडपाला आणला की झालं काम.

पहिल्या बाहुल्यांना डोळे म्हणून आम्ही गुंजा लावल्या. लाल गुंज, वर काळा ठिपका, डोळा म्हणून इतकी झकास दिसते की विचारू नका. चार बाहुल्या झाल्यावर तळमजल्यावरच्या आजी आल्या आणि अशा ओरडल्या, अगं ते विष आहे, सोनार वजनाला वापरायचे ते खायला नव्हे. खरंच आहे, अख्खी गुंज टणक असते पण आम्ही तर दोरा ओवायला भोकं पाडली होती, म्हणजे आतलं विष मोकळंच केलेलं. चारही बाहुल्या उसवल्या. आता डोळे दोऱ्याने भरतो. नॅचरल म्हणजे निरुपद्रवी असं मानणाऱ्याला मी ही गुंजेची गोष्ट आधी सांगते.

मग रंग. हळदीत कापड रंगवलं, सुंदर पिवळं आलं, एका गिऱ्हाइकाने बाहुली साबणाने धुतली आणि ती लालभडक झाली, घाबरून फोन आला तिचा. साबणातल्या खाराने हळद लाल होते, हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो तसंच ते, पण गिऱ्हाइकाला फोनवर केमिस्ट्री कशी सांगणार. शिवाय खिडकीत ठेवली तर महिन्याभरात उन्हाने पांढरी पडते. आता आम्ही पिवळा जवळपास सोडलाच, मंजिष्ठाचा विटकरी आणि काथाचा तपकिरी यावर भागवतो, लोक म्हणतात तुमच्या बाहुल्या मळक्या दिसतात. दिसतात खऱ्या.

बांबूचा खुळखुळा केला होता. दोन महिन्यांनी त्यातून पिवळी पूड गळायला लागली, बांबूतल्या पिठूळ भागाला कीड लागते. गावाकडे बांबू अमावस्येला तोडला तर किडत नाही म्हणतात, मुंबईत बांबू कधी तोडला हे कोणाला माहीत, म्हणून आता तुकडे आधी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवतो, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, वास मारतो पण पीठ निघून जातं. तरी खुळखुळा शेवटी बंदच केला, कारण आतल्या बिया. फुटला आणि बी बाहेर पडली तर तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जायला एक सेकंद लागत नाही. तेवढी जोखीम मला झोपू देईना.

मीठ घातलेल्या कणकेची फळं पण केली होती. कणकेच्या गोळ्याची चिमणी करून देणं हे प्रत्येक आईला येतं, पोळ्या होईपर्यंत पोर गप्प बसतं, मग वाटलं तीच वाळवून विकू. जुलैची हवा लागली आणि मिठाने पाणी धरलं, फळं मऊ पडली, आणि एका रात्रीत उंदरांनी टोपलीच साफ केली. बायोडिग्रेडेबल म्हणजे काय ते त्या रात्री नीट समजलं.

टिकलं ते करवंटीचं. नाक्यावरच्या उडप्याकडून करवंट्या फुकट मिळतात. हॅक्सॉने कापायच्या, आतली तपकिरी साल काचेच्या तुकड्याने खरवडायची, मग पॉलिश पेपर, शेवटी खोबरेल तेलाचा हात. कप, वाटी, तराजूची पारडी, सगळं होतं. धुवा, आपटा, काही होत नाही, फारतर तडा जातो आणि मग चुलीत घालता येते, म्हणजे चूल असेल तर.

चांगल्या वस्तू करणारे आपल्याकडे आहेत, नाही असं नाही. माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिथल्या चितारआळीत लहानपणी मी लाकडी आंबे-केळी घडवताना तासन् तास बघत बसायचे, पांगाऱ्याचं लाकूड असायचं, हलकं आणि छिनीला मऊ. पांगारा म्हणजे लाल फुलांचा, ज्याच्यावर मिरीचा वेल चढवतात तो. आता पांगारा मिळणं अवघड झालंय म्हणून आंब्याचं लाकूड वापरतात. कर्नाटकात चन्नपट्टणला बघा, लेथवर लाकूड गरगर फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घासून जी गरमी होते त्यात लाख वितळून लाकडावर बसते, वरून केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. ब्रश नाही, थिनर नाही. (लाख मात्र किड्यापासून येते, तेव्हा १००% वनस्पतीजन्य म्हणणाऱ्यांनी इथेही जपून.) आंध्रात कोंडापल्लीला जोड चिकटवायला आणि आकार भरायला लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ वापरतात. गोंदाचा प्रश्न या लोकांनी कधीच सोडवलाय. तरी लाकडी वस्तू घेताना रंग कुठला एवढं विचारा, कारण लाकूड कितीही साधं असलं तरी मूल आधी रंगच चाटतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण उरलेला जुना डबा कोणी कुठे फासला हे लहान कारखान्यात कोण बघायला जातंय.

आता मागणी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नियम चांगलाच आहे, गुंजेवाली बाई म्हणून मीच सांगते की चांगला आहे. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि जीआय, म्हणजे त्या त्या गावच्या वस्तूची सरकारी भौगोलिक ओळख, मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. मग आम्ही विचारायला गेलो. एका ऑफिसात म्हणाले चिंधीची बाहुली हस्तकलेत बसते का ते बघावं लागेल, दुसरीकडे म्हणाले तुम्ही कारागीर नाही तुम्ही गृहउद्योग, तिसरीकडे लंच टाइम होता. टेस्टिंग करून घ्यायला आमची तयारी आहे हो, पण खर्चाचा आकडा ऐकून दोघींनी हात टेकले, कारण आमची बाहुली १८० रुपयांची आणि एका वेळी वीस-पंचवीसच होतात. वॉर्ड ऑफिसात नाहीतर एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये महिन्यातून एक दिवस ठेवा, बचत गटाच्या बायका आपलं खेळणं घेऊन येतील, ओढून, भिजवून, रंगाचं शिसं तपासून एक चिठ्ठी द्या, परवडेल एवढी फी घ्या. आज होतंय काय की सक्तीमुळे आम्ही फक्त ओळखीत विकतो, आणि हिरवं पान छापणारा बेधडक मॉलमध्ये बसतो.

त्याच्या खोक्यावर काय हवं तेही सांगते. आयएसआयने खेळणं सेफ आहे एवढं कळेल, कुजण्याबद्दल तो मार्क काही बोलत नाही. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या पिशव्या विकणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, मग खेळण्यावर बायोडिग्रेडेबल लिहिणाऱ्याला कुणीतरी विचारायला नको का, की बाबा कुठे कुजतं, किती दिवसांत, कुंडीत की कारखान्यात? मराठीत लिहा, ठळक अक्षरात लिहा. 'हे घरी कुजत नाही' एवढं जरी लिहिलं असतं तरी मी तो कप तेरा महिने कढीपत्त्याच्या मुळाशी ठेवला नसता.

कप आता परत भातुकलीत आलाय. नातीला कान तुटल्याचं काही वाटत नाही, रोज संध्याकाळी त्यातून मला चहा मिळतो, साखर जास्त असते.

आपली,
एक वाचक आजी, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

ता. क. मुंबईत पांगाऱ्याचं लाकूड कुठल्या वखारीत मिळत असेल तर वाचकांनी कृपया याच पानावर कळवावं. थोडंच हवंय, दोन-तीन ओंडके. भोवरे करून बघायचे आहेत.