टॉवर नको साहेब, टाकीवर जागा द्या

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

विषय : गावच्या पाण्याच्या टाकीवर तीन मीटरचा पाइप उभा करण्याबाबत.

स. न. वि. वि.

साहेब, विषय वाचून आपल्याला हसू येईल. पालकमंत्र्यांकडं माणूस रस्ता मागतो, पूल मागतो, उपसा सिंचनाचं पाणी मागतो. मी गावात नेट आणणारी डिश लावायला एक लोखंडी पाइप उभा करायची परवानगी मागतोय. पाइप माझ्याकडं आहे. क्लॅम्प, नटबोल्ट, आर्थिंगची पट्टीसुद्धा आणून ठेवली आहे. राहिली आहे ती एक सही, आणि तिच्यामागं मी चौदा महिने फिरतोय.

मी मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका छोट्या गावात राहतो. मोटार रिवाइंडिंग आणि सोलर बसवण्याचं काम करतो. आमच्या फोनला येते ती रेंज बहुतेक वेळा पलीकडची. नंबर लागला नाही की आतली बाई कन्नडमध्ये काहीतरी सांगते, आणि आमच्या चुलतीला वाटतं फोन चुकून विजापूरला लागला. गावात रेंजच्या जागा ठरलेल्या आहेत : मारुतीच्या देवळाची मागची पायरी, शाळेच्या हौदाची कड आणि एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीचा माथा. उन्हाळ्यात जनावरांनी गंज खाल्ली की ती तिसरी जागा जाते.

रेशन दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन देवळाच्या पायरीवर बसतो आणि रांग मारुतीला प्रदक्षिणा घालते. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात निघतो, पण तो चढवायला पायरीवरच यावं लागतं. केवायसीचा ओटीपी पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण कोडमागचा व्हिडिओ उघडायला नेट लागतं, आणि आमच्या पोरांना तो कोड म्हणजे पुस्तकावरची नक्षी आहे.

आम्ही टॉवर मागून पाहिला. घरं मोजली जातात, रिचार्ज मोजले जातात आणि आमचं गाव त्या हिशेबात बसत नाही. कंपनीला धंदा करायचा आहे, तिच्यावर माझा राग नाही.

माझं म्हणणं फायबरबद्दल, म्हणजे नेट वाहून आणणाऱ्या तारेबद्दल आहे. खेड्यापर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रानं 2011 मध्ये मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं, आणि 2023 मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले. त्यातली एक काळी तार आमच्यापासून 9 किलोमीटरवरच्या मोठ्या गावात पोचली आहे. ग्रामपंचायतीच्या एका लोखंडी कपाटात तिचे हिरवे दिवे लुकलुकतात. कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं तीन गावांचा कारभार आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथलेच. त्यांनी आधी अर्ज केला नव्हता. मी केलाय, पोचपावती जपून ठेवली आहे.

त्या कपाटातून आमच्या गावापर्यंत चर खणायची गरज नाही. दोन्ही गावांच्या टाक्यांवर एकमेकांकडं तोंड करून ताटाएवढ्या दोन डिश लावल्या की काम होतं. या डिशचे रेडिओ, म्हणजे लहरी सोडणारी-पकडणारी यंत्रं, लहरींच्या 5 गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात चालतात, तो केंद्रानं 2018 मध्ये परवानामुक्त केला. रेडिओची स्वतःची ताकद एका वॅटच्या आत असते. पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही (आमच्याकडं तो अडवण्याइतका पडतोच कुठं). अडवतं ते झाड. हे मी शिकलो ते फजिती होऊन. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात माझ्या स्लॅबवरून दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर एक जोडी लावून पाहिली. मध्ये एक लिंब होता, पानगळ झालेला. सिग्नल फांद्यांतून आरपार गेला, वस्तीवर पोरांनी नाचत व्हिडिओ पाहिले. चैत्रात लिंबाला पालवी फुटली आणि लाइन मेली. ओल्या पानात पाणी असतं, ते लहरी पिऊन टाकतं.

तेव्हापासून मी उंचीचा हिशेब नीट करतो. 9 किलोमीटरच्या टप्प्यात मधोमध, सरळ रेषेच्या खाली साधारण साडेसहा मीटर मोकळीक लागते. त्यात पृथ्वीचा फुगवटा सव्वा मीटर धरा. म्हणजे खालचं काहीही पावणेआठ मीटर तरी लांब हवं. घराच्या पत्र्यावरून हे जमत नाही. टाकी बारा मीटर, वर तीन मीटरचा पाइप, म्हणजे पंधरा. बांधावरच्या बोरीबाभळी त्याच्या खाली राहतात. दोन रेडिओ आणि एक राउटर मिळून पंचवीस वॅट खातात, दिवसाकाठी पाऊण युनिटसुद्धा नाही. दोनशे वॅटचं एक पॅनेल आणि एक चांगली बॅटरी असली की लाइट गेली तरी नेट जात नाही. वीज पडण्याची भीती खरी आहे, म्हणून आर्थिंगवर मी पाइपापेक्षा जास्त खर्च केलाय.

आता सहीची गोष्ट. ग्रामसभेनं ठराव केला. तो घेऊन मी एका कार्यालयात गेलो, तिथं टाकीच्या मजबुतीचा दाखला मागितला. शंका रास्त होती. पण पन्नास हजार लिटर पाणी डोक्यावर घेऊन उभी असलेली टाकी दहा-बारा किलोंनी वाकेल का, हे विचारल्यावर मला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथं मोबाइल कंपनीचा परवाना मागितला. मी कंपनी नाही म्हटल्यावर, मग अर्ज कुठल्या नियमाखाली घ्यायचा, असं मलाच विचारलं. त्या साहेबांचं तरी काय चुकलं? मार्गाधिकाराचे, म्हणजे तार-खांबासाठी जागा मिळण्याचे, नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले, पण ते परवानाधारक कंपन्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. गावानं स्वतः खांब रोवायचा म्हटलं तर फॉर्मवर त्याचा रकानाच नाही.

एका कनेक्शनवर सगळं गाव चालवायचं म्हणजे बेकायदा धंदा, असं कुणी म्हणेल. घरगुती प्लॅन वाटून देणं चुकीचं आहे हे मलाही मान्य आहे. पण केंद्राच्या मंत्रिमंडळानं 9 डिसेंबर 2020 ला पीएम-वाणी मंजूर केली. त्यात किराणा दुकानदारसुद्धा परवाना किंवा नोंदणी फी न भरता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, आणि जून 2025 मध्ये ट्रायनं, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामक संस्थेनं, अशा दुकानदारांना मिळणाऱ्या जोडणीच्या दरावर मर्यादाही घातली. फक्त जोडून घेताना मोबाइल नंबरची ओटीपीनं पडताळणी लागते. म्हणजे नेट मिळायला रेंज हवी! आम्ही ती बाजारच्या दिवशी मंगळवेढ्यात उरकू, पण एकदा केलेली पडताळणी पुढं टिकावी, एवढं दिल्लीच्या कानावर घाला.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यात महाबीर पुन यांनी झाडांवर अँटेना बांधून डोंगरातली गावं जोडली. त्यांना 2007 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 2025 मध्ये ते मंत्रीही झाले, हे सहज आपलं सांगतोय. स्पेनमधल्या कातालोनियात शेतकरी भागातल्या लोकांनी 2004 मध्ये गीफी-नेट नावाचं स्वतःचं जाळं सुरू केलं, आज त्यात हजारो ठिकाणं आहेत. मध्य प्रदेशातल्या चंदेरीत विणकरांच्या वस्तीत 2010 पासून असा प्रयोग झाला. आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं खेडी बिनतारी जोडली. आणि 1998 मध्ये वारणानगरच्या भोवतालची गावं संगणकानं जोडताना सहकारी साखर कारखान्याचाच आधार घेतला होता. साखर कारखाने तर सोलापूर जिल्ह्यातही कमी नाहीत.

दूरसंचार केंद्राचा विषय आहे, मला ठाऊक आहे. टाकी मात्र आपल्या जिल्ह्याची आहे. ग्रामसभेचा ठराव असेल तर टाकीवर किंवा शाळेच्या स्लॅबवर असा पाइप लावायला ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते, एवढं एका पानावर लेखी येऊ द्या. जिथं फायबर पोचलं आहे, तिथल्या कपाटातली एक जोडणी शेजारच्या गावाला रीतसर दरानं मिळू द्या. पैसे फुकट नकोत. दुधाच्या बिलातून कापून घ्या म्हणणारी पस्तीस घरं आताच तयार आहेत. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, त्यातून पाच गावांचं सामान निघालं तर सोन्याहून पिवळं. पण शंभर गावांचं एकच टेंडर काढू नका. ठेकेदार उद्घाटनाचा बोर्ड लावून जातो, आणि वाऱ्यानं डिश दोन बोटं सरकली की ती पुन्हा नेमावर आणायला कुणी येत नाही. आयटीआयची दोन पोरं प्रत्येक गावात शिकवा. मी शिकवतो, चहावर.

अडचणी सगळ्याच सुटतील असं मी म्हणत नाही. पंचायतीत सत्ता पालटली की नवा गट जुन्या गटाची डिश उतरवेल का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. महिन्याची पट्टी चार घरं भरणार नाहीत, हेही नक्की. पाणीपट्टीचं तरी कुठं वेगळं आहे?

टाकी वर्षातून दोनदा धुतात. पुढची सफाई मृगाच्या आधी आहे. तेव्हा शिडी लागते, माणसं वर असतात, आणि दीड तासात पाइप बसेल. पाइपला रेड ऑक्साइड मारून ठेवलाय.

आपला,
दक्षिण मंगळवेढ्यातला एक सोलरवाला

ता. क. हे पत्र देवळाच्या मागच्या पायरीवरून पाठवलं आहे. दोनदा पोचलं असेल तर एक फाडून टाकावं.