एजंटाला बाबांचं कशाला सांगितलंस?

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, रात्री

चि. दादू,

अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन आपटलास. म्हणजे 'बरं, ठेवतो' एवढंच म्हणालास, पण आपल्या घरात त्यालाच आपटणं म्हणतात. नानाही असाच फोन ठेवायचे. तू मधेमधे 'आई, ऐक ना' म्हणतोस आणि माझं सूत्र तुटतं, म्हणून लिहायला बसले. शीतललाही वाचायला दे. आकड्यांत तिचा हात तुझ्यापेक्षा बरा चालतो, हे तुझ्या तोंडावर सांगायला मी घाबरत नाही.

घर घ्यायला माझा विरोध नाही. पुण्याहून दर शनिवारी चाकणच्या गर्दीतून गाडी काढत येतोस, रविवारी रात्री परत जातोस, हे मला बघवत नाही. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, नाशकात यायचं ठरवलंत, याचा आनंद मला किती झालाय ते तुला सांगितलंच नाही. शेजारच्या काकूंना मात्र सांगून झालं.

पण काल भाजी घेताना तो एजंट भेटला. म्हणाला, "काकू, काकांची तब्येत कशी आहे आता? दोन स्टेंट टाकल्या ना? दादा म्हणत होते, जवळच घर हवं आणि ताबा लवकर हवा." माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. अरे, एजंटाला बाबांचं कशाला सांगितलंस? ज्याला घाई आहे आणि ज्याला त्याच चार गल्ल्यांतलं घर हवंय, त्याला कोण भाव कमी करून देईल? त्या घराचे बासष्ट लाख मागतायत, त्यात घर किती रुपयांचं आणि बाबांची अँजिओप्लास्टी किती रुपयांची, ते आता तूच वेगळं करून दाखव.

मी चिडून लिहिणार नव्हते. असो.

पतसंस्थेत तारण कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या, हे तू विसरलास बहुतेक. घर चांगलं की वाईट हे त्या फायलीत नसायचंच. व्हॅल्युअरच्या, म्हणजे घराची किंमत काढणाऱ्याच्या, अहवालात आजची बाजारातली किंमत असायची आणि खाली एक आकडा असायचा डिस्ट्रेस व्हॅल्यूचा, म्हणजे उद्या घाईनं विकावं लागलं तर किती येतील तो. कर्जदार वरचा आकडा बघायचे, आम्ही खालचा. तूही एकदा खालचा बघ. नोकरीचं आजकाल काही सांगता येत नाही, आणि देव न करो पण विकायची वेळ आलीच, तर पुढचं गिऱ्हाईक तुझ्यासारखं हळवं नसेल.

आता त्या घराचा हिशेब. एजंट म्हणतो साडेदहाशे चौरस फूट सेलेबल, फुटाला 5,900 चा भाव. तू म्हणालास, एरियातला भाव तेवढाच आहे. सेलेबल म्हणजे काय रे? जिना, लिफ्ट, लॉबी, भिंती असं सगळं त्यात लोटतात, आणि किती लोटायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा. खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. रेराच्या, म्हणजे घरबांधणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या, 2016 च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय, पण ही इमारत त्याच्या आधीची, म्हणून कागदावर विसंबू नकोस. मालकानं मला खरेदीखताची झेरॉक्स दाखवली, त्यात कार्पेट 70 चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरला 10.764 चौरस फूट धर, म्हणजे साधारण 753 फूट. बासष्ट लाखांना 753 नं भाग. आठ हजार दोनशेच्या वर जातो. आता बाकीची घरं बघशील तीही कार्पेटवरच काढून बघ, मग कोण महाग आणि कोण स्वस्त ते कळेल. सेलेबलची सेलेबलशी तुलना करण्यात काही अर्थ नाही, दोघांचं लोडिंग, म्हणजे वरून लोटलेली जागा, वेगळी.

लोक खरंच किती देतात हे एजंटाला विचारायचं नसतं. त्याची दलाली टक्क्यानं असते, भाव चढला की त्याचीही चढते. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू बघता येतो. 'इंदिरानगर' टाकून काही मिळत नाही, मौजे म्हणजे सरकारी नोंदीतलं गाव आणि सर्व्हे नंबर लागतो, तो खरेदीखतावर आहे. इंडेक्स टूमध्ये मोबदला वेगळा आणि बाजारभाव वेगळा असे दोन आकडे दिसतात. बाजारभाव म्हणजे सरकारी, रेडीरेकनर या सरकारी दरपत्रकावरून काढलेला. मोबदला म्हणजे कागदावर दिलेले पैसे. मुद्रांक शुल्क यातल्या जास्त आकड्यावर बसतं. मी पिंकीला लॅपटॉप घेऊन बसवलं आणि बघितलं. त्याच इमारतीत, त्याच नकाशाचा, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट गेल्या वर्षी 53 लाखांना नोंदला गेलाय. पलीकडच्या गल्लीतला, तेवढ्याच जुन्या इमारतीतला, 51 ला. काही जण थोडे पैसे रोखीत देऊन कागदावर कमी दाखवतात, म्हणून एका नोंदीवर जायचं नाही, चार बघायच्या. पण चारही नोंदी पन्नास-त्रेपन्नच्या घरात आणि हा बासष्ट मागतोय, तर वरचे निदान नऊ लाख कशाचे?

मला माहितीय कशाचे. बाबांचे.

रेडीरेकनरवरूनच घराची किंमत ठरते असंही समजू नकोस. तो दर सरकारनं कर गोळा करायला ठरवलेला, विभागवार सरसकट. कोपऱ्यावरचं घर आणि ड्रेनेजच्या चेंबरवर खिडकी उघडणारं घर त्याला सारखंच. पायरी म्हणून बघावा, इतकंच.

सोमवारी मी ते घर आतून बघून आले, तुला न सांगता. रागावू नकोस. वरचा मजला आहे आणि वर गच्ची. बेडरूमच्या तीन भिंतींचा रंग जुना, बदामी, आणि कपाटामागची एकच भिंत नव्यानं रंगवलेली, तीही छतापासून खाली दोन हातांपर्यंत. मालकीणबाई कॉफी करायला आत गेल्या तेव्हा मी कपाटामागे हात घातला. पापुद्रे सुटून बोटांना लागले. ओल आहे, दादू. पावसाळ्यात एकदा जाऊन बघायला हवं. मॉड्युलर किचनचे चार लाख म्हणे वेगळे लागले होते. सिंकखालचं दार उघडलं तर प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगलेला. ते किचन फुकट दिलं तरी काढून टाकायची मजुरी आपलीच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जुने नळ, वायरिंग, दीड-दोन लाख धर. हे त्याच्या किमतीतून वजा करायचे, आपल्या खिशातून वर घालायचे नाहीत.

पार्किंगचे दोन लाख वेगळे मागितले ना? आपल्याकडे नाशकात बऱ्याच इमारती सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, त्यांची डीड ऑफ अपार्टमेंट होते. त्यात जागेतला तुझा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, तो वाच. इमारत जुनी झाली की किंमत त्या जमिनीचीच उरते. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली, ही सामायिक जागा, ती वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय. त्यामुळे ते दोन लाख सरळ खोड.

हे सगळं परीक्षेला बसवल्यासारखं झालं. शाळेत असताना तुला पाढे म्हणायला लावायचे तसं. राहू दे, रात्री एवढं वाचू नकोस.

आपण हे घर घेतलं तेव्हा तू दुसरीत होतास. सिडकोतल्या दोन खोल्यांतून इकडे आलो. तेव्हा इकडे रस्ते नव्हते, चिखल तुडवत जायचं आणि लोक म्हणायचे, एवढ्या लांब कोण राहतं. बाबांनी कंपनीतून स्टीलची टेप आणली होती. त्यांनी एका टोकाला उभं राहायचं आणि दुसरं टोक तुझ्या हातात. "भिंतीला टेकव, भिंतीला!" असं ओरडत होते आणि तू रडकुंडीला आलेला. मालक चिडला, म्हणाला तुम्ही घर घ्यायला आलात की ऑडिटला? बाबा म्हणाले, "दोन्ही." पन्नास फूट कमी निघालं. त्यावर बाबा महिनाभर अडून बसले. मला वाटलं, घर गेलंच आता. पण शेवटी मालकानंच निरोप पाठवला आणि पावणेचार लाखांत व्यवहार झाला. त्या महिन्यात ते माझ्याशीही फार बोलत नव्हते. घासाघीस चालू असली की ते असेच, आतून काही दाखवायचे नाहीत. आणि तू? पहिल्याच भेटीत बाबांच्या स्टेंटा सांगून मोकळा.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. त्या रात्री तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून होतास, शर्ट उलटा घातलेला. चाकणपासून कसा आलास तुलाच माहीत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, आणि तू माझ्याकडे न बघता फॉर्म भरायला गेलास. तेव्हापासून तुला वाटतं, आपण दहा मिनिटांवर असलो पाहिजे. अरे, असावंसच. पण दहा मिनिटांवर पाथर्डी फाटाही आहे, गोविंदनगरही आहे. आपल्या गल्लीला लागून असलंच पाहिजे असं नाही.

बँकेचं बघ. बँक आपल्या व्हॅल्युअरनं काढलेली किंमत आणि तुझा करार, यातली कमी असेल ती धरते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळतात. व्हॅल्युअर 54 म्हणाला तर कर्ज 43 लाख 20 हजार. बासष्टला घेतलंस तर पावणेएकोणीस लाख रोख उभे करायचे, त्यावर मुद्रांक शुल्क, त्यावर नोंदणीचे तीस हजार. शीतलचे दागिने मोडायचं तिच्या तोंडून परवा निसटलं. मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. आणि वरचे आठ लाख कुठून तरी कर्जानंच आणलेस, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्यांचा वेगळा हप्ता जवळजवळ सात हजार. वीस वर्षांत साडेसोळा लाखांच्या पुढे जातात ते. घर फक्त शीतलच्या नावावर केलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण दोघांच्या नावावर केलं तर नाही. हा निर्णय तुमचा. पन्नास लाखांच्या पुढे व्यवहार गेला की एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर, त्याच्या पैशांतून तुम्हाला कापून भरायचाय, तेही विसरू नका. नाहीतर नोटीस तुम्हाला येते, विकणाऱ्याला नाही.

एजंट कुंभमेळ्याचं सांगत असेल. 2027 आला, भाव चढणार, आत्ताच घ्या. 2003 लाही हेच म्हणत होते आणि 2015 लाही. रस्ते होतात, रंग लागतो, हे खरं. पण जे काय व्हायचंय ते मागणाऱ्यानं आधीच बासष्टमध्ये घालून ठेवलंय. त्याच इमारतीत भाड्यानं घर चौदा हजारांत मिळतं, म्हणजे वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार. बासष्टवर ते पावणेतीन टक्केही होत नाहीत. वाटलं तर वर्षभर भाड्यानंच राहा रे. शेजार कळेल, पाणी किती वेळ येतं ते कळेल. घाई कोणाला आहे? बाबा आता रोज जॉगिंग ट्रॅकला दोन फेऱ्या मारतात, गोळ्या वेळेवर घेतात. मला भीती वाटते ती वाटतेच, रात्री त्यांचा श्वास ऐकत पडून राहते, पण म्हणून तू आठ लाख जास्त द्यावेस असं नाही ना.

गंगापूर रोडची ती नदीकडची इमारत तू सोडलीस ते बरं केलंस. तिथे पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. ऑगस्ट 2016 ला आत्याकडे जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी होतं, आठवतंय ना.

बाबांना यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर म्हणतील, "माझ्यापायी आठ लाख? मी काय मेलोय का?" आणि मग तुमचं दोघांचं वाजेल, मधे मी.

शनिवारी येशील तेव्हा शीतलला घेऊन ये, आपण तिघं जाऊ आणि टेपही नेऊ. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च घेतल्याशिवाय आणि अपार्टमेंटच्या चेअरमनकडून देणं नसल्याचं पत्र घेतल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. बोलणी मी करते, तू गप्प बस. मी पन्नासपासून सुरू करणार आहे, शेवट चोपन्नला. एजंटाचा फोन आला तर सांग, सातपूरला दुसरं घर बघतोय. बाबा कसे आहेत विचारलं तर ठणठणीत म्हण. चोपन्नच्या वर गेला तर नमस्कार करून उठायचं, आणि उठताना शीतलनं माझ्याकडे बघायचं नाही, तिचं तोंड लगेच पडतं.

साजूक तूप काढून ठेवलंय, डबा घेऊन या. फोन करायचा असेल तर साडेआठनंतर कर, तेव्हा बाबा बातम्या लावून बसतात.

तुझी,
आई